साहेबाला पाठ न दाखवता

माझ्या पहिल्या मुलाखतीची तयारी मी उलटं चालून केली. पुढं मास्तर झाल्यावर वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची. त्यांना वाटायचं, गुरुजी काहीतरी अलंकारिक बोलून राह्यले. अलंकारिक काही नव्हतं. तोंड बाजेकडं, पाठ दाराकडं, असा मी रोज सकाळी आमच्या ओसरीत मागं मागं सरकत जायचो, आणि बाजेवर साहेब होऊन बसलेले माझे काका ओरडायचे, "सावकाश! गाडी मागं घेऊन राह्यला काय? अदब पाह्यजे, अदब!"

हे साल पोलीस अ‍ॅक्शननंतरचं. निजामाचा अंमल गेला होता, पण आमच्या घरातून अजून गेला नव्हता, कारण काका आमच्या घरात होते. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. उभी हयात तालुक्याच्या कचेरीत पेशकारी केलेली. साहेबापुढं कागद ठेवायचे, वाचून दाखवायचे, सही झाली की उचलायचे. कचेरी म्हणजे काय, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त एवढंच, की त्यांना ठाऊक होती ती कचेरी आता उरली नव्हती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला तर कळायचा प्रश्नच नव्हता.

मी उर्दूतून मॅट्रिक झालेलो. कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली, मी अर्ज केला आणि बोलावणं आलं. घरात आनंद झाला; वडील मात्र नुसते 'बरं' म्हणाले. आमची जमीन तीर्थपुरीच्या अलीकडं, सगळी कोरडवाहू, आणि आम्ही तीन भाऊ. मला औत धरता येत नव्हतं. धरलं की नांगराचं तास नागासारखं वळायचं आणि बैल मान वळवून माझ्याकडं पाहायचे.

"कचेरीत लागला तर ठीक," वडील म्हणाले. "न्हाई लागला तर आष्टीवाल्यांना हो म्हणून टाकतो."

आष्टीवाले म्हणजे वडिलांच्या ओळखीतले एक बागाईतदार. विहिरीला बारमाही पाणी, चांगलं घर आणि एकुलती एक मुलगी. त्यांना जावई पाहिजे होता, पण घरी ठेवायला. आता घरजावई म्हणजे काय, ते मी रोज डोळ्यानं पाहत होतो. आमच्या गावात एक होते. पन्नाशी उलटली, सासरा जाऊन जमाना झाला, तरी त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. 'अमक्याचा जावई' असंच म्हणायचे. त्यांच्या पोरांनासुद्धा 'अमक्याच्या जावयाची पोरं' म्हणायचे. कुठल्याही लग्नात त्यांचा मानाचा विडा चुकून दुसऱ्यालाच जायचा. मी ठरवलं, काही झालं तरी कचेरीत लागायचं. म्हणून तर निमूटपणे काकांच्या हवाली झालो.

काकांची शिकवणी सोपी होती. साहेबाकडं नजर वर करून पाहायचं न्हाई. आत गेल्यावर वाकून आदाब करायचा. हात नाभीवर बांधायचे. साहेबानं काहीही विचारलं तर उत्तराच्या आधी 'हुजूर के इकबाल से' म्हणायचं, म्हणजे जे काही बरं चाललंय ते हुजुरांच्याच पुण्याईनं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, परत निघताना साहेबाला पाठ दाखवायची न्हाई. उलट्या पायानं दारापर्यंत जायचं, दारात शेवटचा आदाब, मंग बाहेर.

"अन् काका, त्यांनी काही विचारलं तर? म्हंजे कायदा, हिशेब..."

"हिशेब कुणालाबी येतो," काका म्हणाले. "साहेब पाहतो ते माणूस निघून कसा जातो ते."

पहिल्याच दिवशी मी आईच्या ताकाच्या डेऱ्यात बसलो. ती बिचारी दाराशी घुसळत बसली होती. मी अदबीनं मागं मागं आलो तो बराबर तिच्यावर. रवी एकीकडं, ताक एकीकडं, मी मधोमध. काका बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत. "आदाब राह्यला! दारात पोचल्यावर आदाब!"

आई काकांशी थेट बोलत नसे. थोरले दीर. पदर पुढं ओढून ती जे सांगायचं ते माझ्याकडं बघून सांगायची, आणि ते थेट बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

"सांग त्यांना," ती माझ्या पैरणीवरचं ताक निपटत म्हणाली, "साहेबाच्या दारात कुणी ताक घुसळत नसंल, पण माझ्या दारात घुसळतेत."

"सांग तिला," काका म्हणाले, "मोर्चा दुसरीकडं हलव म्हणावं."

आईनं डेरा परसात नेला. दुसऱ्या दिवसापासून मी निर्धोक झालो आणि पटाईतही झालो. बाजेपासून दार नाकासमोर होतं, म्हणजे पाठीसमोर. डोळे मिटून जायचो. वडील एकदा औत सोडून आले, उंबऱ्याशी थांबले, मी त्यांच्या अंगावर येऊन थांबलो. त्यांनी काकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पाणी प्यायला निघून गेले. थोरल्या भावापुढं ते कधी बोलत नसत.

मुलाखतीच्या दिवशी काकांनी पेटीतून आपली काळी शेरवानी काढली. कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली. काका अंगानं भरलेले, मी चिपाड. शेरवानीच्या आत मी कुठल्या बाजूला आहे हे बाहेरून कळत नव्हतं. वर त्यांची टोपी, ती कानावर टेकायची. वडिलांनी छकडा जुंपला आणि आम्ही निघालो. तालुक्याच्या वेशीपाशी वडील म्हणाले, "आष्टीची माणसं बाजारच्या दिवशी येऊन राह्यलीत. त्यांना काही तरी सांगावं लागंल."

कचेरीच्या व्हरांड्यात आठ-दहा उमेदवार बसले होते. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, अंगात सदरे, पायजमे. मी काळ्या शेरवानीत वर आलो तसे त्यांतले दोघं-तिघं उठून उभे राहिले. मग माझं तोंड पाहून पुन्हा खाली बसले.

"बँडवाल्यांचे मास्तर हायेत का तुम्ही?" एकानं विचारलं.

"न्हाई, उमेदवार हाये."

"मंग बाजा कुठं ठिवला?"

सगळे हसले. एक काळासावळा, किडकिडीत पोरगा मात्र सरकला आणि त्यानं मला भिंतीशी जागा दिली. त्याच्याकडं भाकरी आणि लसणाची चटणी होती, ती त्यानं माझ्यापुढं केली. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आष्टीचा." मी हातातली भाकरी खाली ठेवणार होतो. पण त्याला माझ्याबद्दल काही माहीत नसावं, म्हणून मी गप खाल्लं. साहेब मद्रासकडचे आहेत आणि तोडकंमोडकं हिंदी बोलतात, हेही त्यानंच सांगितलं.

माझा पुकारा झाला. मी आत गेलो, नजर जमिनीवर. सतरंजी दिसली, सतरंजीच्या टोकाला टेबलाचे पाय दिसले. त्यावरून साहेब तिकडंच असणार असा अंदाज केला आणि वाकून आदाब केला. टोपी पडली. उचलली, पुन्हा आदाब केला.

"बैठो," वरून आवाज आला.

आता इथं काकांची शिकवणी संपली. त्यांच्या कचेरीत उमेदवाराला कुणी बस म्हटलंच नव्हतं. समोर खुर्ची होती, हे मला दिसत होतं. पण काका एकदा म्हणाले होते, कचेरीत खुर्ची दोघांचीच, साहेबाची आणि साहेबाच्या बरोबरीच्याची. मी विचार केला, हुकूम तर मोडता येत नाही. म्हणून सतरंजीवर मांडी घालून बसलो.

टेबल उंच, त्यावर कागदांचे ढीग. साहेबांना मी दिसेना. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि टेबलाच्या कडेवरून चष्मा घातलेलं एक गोल तोंड हळूहळू वर आलं.

"गिर गया?"

"नहीं हुजूर. बैठ गया."

साहेबांनी खुर्चीकडं बोट केलं. मी हात जोडले. त्यांनी पुन्हा बोट केलं. मी पुन्हा हात जोडले. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि उभ्या उभ्याच, टेबलावरून वाकून, विहिरीत डोकावल्यासारखं माझ्याकडं पाहत मुलाखत घेतली.

"बाप क्या करता?"

"हुजूर के इकबाल से, खेती."

"इस साल बारिश कैसा हुआ?"

"हुजूर के इकबाल से, नहीं हुआ."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आणखी दोन-चार प्रश्न विचारले, हिशेबाचा एक दिला. तो मी बराबर सोडवला. म्हणजे सगळंच बिघडलं नव्हतं. 'जाओ' म्हणाले तेव्हा मला वाटलं, आता निघून कसा जातो तेवढं दाखवलं, की जागा आपली.

मी उठलो. नजर खाली, हात नाभीवर, उलट्या पायानं निघालो. इतकं सुंदर मी घरीही कधी चाललो नव्हतो. फक्त एक झालं. आमच्या ओसरीला दार एकच. त्या खोलीला होती दोन. मधल्या झटापटीत मी सतरंजीवर तिरका बसलो होतो, तसाच तिरका निघालो. पाठीला पडदा लागला. पडद्यातून मागं गेलो, शेवटचा आदाब केला, पडदा सोडला आणि समाधानानं वळलो.

समोर व्हरांडा नव्हता. लाल कापडात बांधलेली दप्तरं जमिनीपासून आढ्यापर्यंत रचलेली. कचेरीचा जुना दप्तरखाना. दुसरं दार नाही, खिडकी एवढीशी, तिला गज.

बाहेर पडायचं तर पुन्हा साहेबांसमोरून जावं लागणार, आणि बोलावल्याशिवाय साहेबांसमोर जायचं न्हाई, हाही काकांचा एक नियम. मी दप्तरावर टेकलो. साहेबांना वाटलं असावं, मी गेलो. कारण लगेच पुढच्या उमेदवाराचा पुकारा झाला.

मग मी पुढच्या सगळ्यांच्या मुलाखती ऐकल्या. कुणी आपल्या मामाची ओळख सांगितली. कुणी न विचारता आपण सत्याग्रहात होतो म्हणाला. कुठल्या सत्याग्रहात विचारल्यावर 'सगळ्याच' म्हणाला. आष्टीच्या पोराला साहेबांनी हिशेब घातला, तो त्यानं केला. इंग्रजीतून अर्ज लिहायला सांगितला. "येत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "पण एकदा दाखवला तर पुन्हा विचारायला येणार न्हाई." त्याचं हिंदी साहेबांच्यापेक्षा वाईट होतं, तरी दोघांचं चांगलं जमत होतं.

तेवढ्यात दप्तरांची धूळ माझ्या नाकात गेली. अदबीनं शिंकता येतं का, हे काकांनी शिकवलं नव्हतं. अशी शिंक आली की वरचं एक दप्तर खाली आलं. पडदा बाजूला झाला. शिपाई, त्याच्यामागं साहेब, त्यांच्यामागं आष्टीचा पोरगा.

"तुम अंदर क्या करता?"

मी खरं ते सांगितलं. काका, बाज, ओसरी, पाठ, दार. साहेब ऐकत होते आणि त्यांचं पोट हलत होतं. शिपायानं भिंतीकडं तोंड केलं. आष्टीवाल्या पोरानं हसू दाबण्यासाठी टोपी तोंडावर धरली.

"सबका सुना तुम?"

"जी हुजूर."

"कौन अच्छा?"

आता मी शहाणा असतो तर नजर खाली घालून गप्प राहिलो असतो. पण त्या पोराची भाकरी माझ्या पोटात होती, आणि शिवाय उत्तर मला येत होतं. परीक्षेत उत्तर येतं म्हटल्यावर मला कधी राहवलंच नाही.

"हे," मी त्याच्याकडं हात करून म्हणालो. "हेच सगळ्यांत चांगले."

"मेरा भी यही," साहेब म्हणाले. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी स्वतः मला बरोबर दारातून बाहेर आणून सोडलं. सरळ तोंडानं.

घरी आलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "पाठ दाखवली न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग नव्या लोकांनाच कळलं न्हाई," ते म्हणाले आणि शेरवानी झटकायला घेतली.

मी आता आष्टीची तयारी केली. मनातल्या मनात स्वतःचं नावसुद्धा पुसून टाकलं. बाजारच्या दिवशी आष्टीवाल्यांचा मध्यस्थ आला, चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला. मग वडिलांकडं पाहून म्हणाला, "त्यांनी निरोप दिलाय. आमच्या गावचा पोरगा कचेरीत लागला, त्यानं सगळी हकीकत सांगितली म्हणं. पोरगा गुणाचा हाये म्हणतेत, त्यात काही वाद न्हाई. पण त्यांच्या घराला दारं लई हायेत. ह्यो कुठून शिरंल अन् कुठं जाऊन बसंल, दिवसभर हुडकावं कुणी?"

सुटलो! मला नाचायला पाहिजे होतं. त्याऐवजी माझं डोकं तापलं. म्हणजे मी त्यांना नको? मी! त्यांच्या मोटेला, त्यांच्या विहिरीला, मी ज्यांना नाही म्हणायला कचेरीत उताणा पडायचा बाकी राहिलो, ते आधीच मला नाही म्हणतात?

"ते कोण मला नको म्हणणारे?" मी म्हणालो.

"मंग जातो का तिथं?" आईनं आतून विचारलं.

"न्हाई!"

"मंग बोंबलून काहून राह्यला?"

मध्यस्थ गेला. वडील बराच वेळ अंगणात चिलीम ओढत बसले. "कचेरी न्हाई, आष्टी न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "याला ठिवायचं कुठं?"

"ठिवायचं म्हंजे?" आई म्हणाली. "भांडं हाये का ते?"

मग वडील म्हणाले, तीर्थपुरीच्या शाळेला मास्तर पाहिजे म्हणून काल कानावर आलंय. हे ऐकताच काका बाजेवर उठून बसले. "मास्तरकी? त्याची मुलाखत येगळी राहती. हेडमास्तरापुढं उभं कसं राहायचं, ते मी सांगतो. ये इकडं, बस."

मी सवयीनं उठलोसुद्धा. पण वडिलांनी चिलीम बाजूला ठेवली. थोरल्या भावापुढं कधी तोंड न उघडलेला तो माणूस खाली मातीकडं बघत, हळू आवाजात म्हणाला, "दादा, ह्या बारीला त्याला एकट्याला जाऊ द्या."

काका बाजेवर थोडे सरकले आणि वडिलांना बसायला जागा केली.