यादीची मागची बाजू

मी आयुष्यात एकदाच मारामारी केली, तीही आमच्या किराणा दुकानदाराशी.

मारामारी पडद्यावरची होती हे आधीच सांगते, नाहीतर गल्लीत पुन्हा चर्चा सुरू होईल. सात रस्ता चौकाजवळ एक गेमिंग कॅफे आहे. आमची केतकी, वय एकोणीस, तिथे लढाईचा एक गेम खेळते. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकाची ताकद संपेपर्यंत एकमेकांना बदडतात. (का बदडतात, ते केतकीलाही माहीत नाही. मी विचारलं होतं.) पालकांच्या कटकटीवर उपाय म्हणून कॅफेच्या मालकाने जोड्यांची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक मुलाने घरातलं पंचेचाळिशी ओलांडलेलं एक माणूस आणायचं. जी जोडी जिंकेल तिच्यातल्या मुलाला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत कॅफेतर्फे पाठवणार. जागा एकच.

केतकी दोन वर्षं त्या पुण्याच्या मागे होती. तिने आधी वडिलांना घेऊन पाहिलं, पण आमचे हे डोळे मिटून सगळी बटणं एकदम दाबतात आणि मग "कोण पडलं?" असं विचारतात.

"आई, तू येशील?" शेवटी तिने मला विचारलं.

कॉलेजात गेल्यापासून तिने मला कुठेही 'येशील का' विचारलेलं नव्हतं; 'येऊ नकोस' मात्र बऱ्याचदा सांगितलं होतं. मी हो म्हणाले.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचं काम बघते. यादी केल्याशिवाय माझा हात कशालाच लागत नाही. प्रवासाची यादी, पाहुण्यांची यादी, आणि कुठली यादी कुठल्या खणात आहे त्याची यादी. त्यामुळे सरावही रोज संध्याकाळी साडेसात ते आठ असा लिहून सुरू झाला. चौथ्या दिवशी केतकीने रिमोट खाली ठेवला.

"आई, तू पडून उठलीस की दर वेळी उडी मारतेस."

"मग काय पडून राहू?"

"दर वेळी नको ना मारू. समोरच्याला कळतं. मी खाली पाय काढून उभी राहते आणि तू आपणहून त्याच्यावर येऊन पडतेस."

"आणि बाकी वेळ?"

"बाकी वेळ मागे सरकतेस. दोनदा. मग परत दोनदा. भिंतीला पाठ लागली की हात आडवे धरून बसतेस, जशी काही बसस्टॉपवर बस यायची वाट बघतेयस."

मी हे सगळं लिहून घेतलं. "मग करायचं काय?"

"अंदाज येऊ द्यायचा नाही. कधी मागे जा, कधी नुसती थांब, कधी उलट पुढेच घुस."

"कधी म्हणजे कधी?"

"कधीही."

त्या 'कधीही'ने माझी दोन दिवस झोप उडवली. कधीही हे कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्या एका चुकीच्या उडीपायी मुलीचं पुणं जाणार, या विचाराने मी ऑफिसात एका विद्यार्थ्याला एकाच दिवशी दोन पेपर लावून दिले. (वेळेत दुरुस्त केले.) शेवटी मार्ग सापडला. बचावाच्या बारा हालचाली काढल्या, त्यांच्या बारा चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या वाटीत हलवल्या आणि एकेक उचलत क्रम लावला. एक, मागे सरकणे. दोन, थांबणे. तीन, पुढे घुसणे. असं बारापर्यंत, आणि मग परत एकपासून. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला, म्हणजे अंदाज येणं शक्यच नाही. एका कागदावर यादी लिहिली, तीन दिवसांत पाठ केली आणि केतकीला काही सांगितलं नाही.

"आई, भारी," केतकी म्हणाली. "आता कळतच नाही तू काय करणारेस."

स्पर्धा रविवारी दुपारी होती. पहिल्या फेरीत एक गृहस्थ आले. त्यांनी रिमोट उलटा धरला होता आणि हे त्यांना हरल्यावर समजलं. दुसऱ्या फेरीतल्या बाई प्रत्येक लाथेनंतर मला 'सॉरी हं' म्हणायच्या. आणि मग अंतिम फेरीला समोरच्या खुर्चीत येऊन बसले बसवराज अण्णा. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. एकोणीस वर्षं दर महिन्याला माझी यादी त्यांच्याकडेच जाते. शेजारी त्यांची नात सानिका, केतकीच्याच वयाची.

"अण्णा, तुम्ही?"

"काय सांगू वहिनी, नातीनं धरून आणलंय. दुकान बंद ठिवून आलोय बघा. तीन महिने झालं, रोज दुपारी हेच चालू हाय."

तीन महिने.

नियम असा होता की मुलांची एक लढत, मोठ्यांची एक, आणि बरोबरी झाली तर मोठ्यांचीच आणखी एक. केतकीने सानिकाला हरवलं. आता मी जिंकले की पुणं नक्की.

मी यादीप्रमाणे सुरुवात केली. एक, मागे सरकणे. मी सरकले तिथे अण्णांची लाथ आधीच येऊन थांबली होती. दोन, थांबणे. अण्णांनी जवळ येऊन मला निवांत उचलून आपटलं. तीन, पुढे घुसणे. अण्णा बाजूला झाले आणि मी त्यांच्या शेजारून, कुणीतरी बोलावल्यासारखी, सरळ निघून गेले. रिमोट हातातून साबणासारखा निसटतोय, केतकी मागून बघतेय. सातव्यानंतर मी इतकी गडबडले की एकदम नववी हालचाल केली.

अण्णांचा पैलवान जागीच थांबला. अण्णा माझ्याकडे झुकले.

"वहिनी, आठ राहिलं."

"काय?"

"आठ नंबरला बसून अडवायचं होतं. तुमी एकदम नवावर गेला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले तेवढ्यात त्यांनी मला शेवटची लाथ घातली. बरोबरी.

"अण्णा, तुम्हाला नंबर कुठून माहीत?"

अण्णांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. एका बाजूला माझ्या अक्षरात तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, कपड्याचा साबण. उलटवला तर मागे बारा हालचाली, क्रमांकासकट. पाठकोरा कागद वाया का घालवायचा, म्हणून पाठांतर झाल्यावर त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी महिन्याचं सामान लिहिलं होतं आणि नेहमीसारखा दुकानात नेऊन दिला होता.

"मला वाटलं, हे बी माझ्यासाठीच हाय," अण्णा म्हणाले. "तुमी नंबर घालून दिलं, मी पाठ केलं. एकोणीस वर्षांत तुमच्या यादीतलं एक तरी चुकलंय का माझ्याकडून?"

चुकलं नव्हतं. आत्ताही चुकलं नव्हतं. सानिका छताकडे बघत होती.

केतकीने कागद घेतला आणि दोन्ही बाजू वाचल्या. "आई, अंदाज येऊ नये म्हणून तू यादी केलीस?"

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या," मी म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त कागदाची परत घडी घातली आणि अण्णांना देऊन टाकला. "खेळ आता जमेल तसं," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा मला दहावीच्या निकालाच्या सकाळी दिसला होता तसा दिसला.

निर्णायक लढत सुरू झाली. डोक्यात यादी नाही, म्हणजे डोक्यात काहीच नाही. पडद्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून मी अण्णांकडे बघत बसले. आणि अण्णांच्या डाव्या हाताची करंगळी रिमोटवरून सुटून वर गेली. तिने नाकावर घसरलेला चष्मा वर ढकलला. पाठोपाठ लाथ बसली.

ही करंगळी माझ्या ओळखीची होती! दुकानात एखादी वस्तू नसली की अण्णा एकदम 'नाही' म्हणत नाहीत. आधी करंगळीने चष्मा वर (बाकीची बोटं गुळाने चिकट असतात), मग "वहिनी, पोहे आले न्हाईत." वाईट बातमी द्यायच्या आधी करंगळी, असं मी एकोणीस वर्षं बघत आले होते, फक्त कुठे लिहिलं नव्हतं.

पुन्हा करंगळी वर. मी मागे सरकले. लाथ हवेत गेली आणि मी एक ठोसा दिला. करंगळी नसेल तेव्हा मी नुसती उभी. ना उडी, ना मागे, ना पुढे. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं काही न ठरवता उभी होते. अण्णा पहिल्या नंबरची वाट बघून बेचैन झाले.

"वहिनी, एक नंबर कवा करताय?"

"आज स्टॉक नाही, अण्णा."

करंगळी वर. मी खाली बसून अडवलं, उठले, ठोसा. माझी ताकद नखाएवढी उरली होती, त्यांची त्याहून थोडी जास्त. करंगळी वर. मी मागे, ते पुढे, आणि शेवटची लाथ माझी.

केतकीने मला मागून इतक्या जोरात मिठी मारली की खुर्चीसकट पडलो असतो. पुणं नक्की झालं. आता सानिका सरावाला आमच्याच घरी येते, पुढच्या वर्षीची जागा तिला हवी आहे.

"पण वहिनी, तुमाला कळत कसं हुतं?" अण्णांनी तीन-तीनदा विचारलं.

"अंदाजाने," मी म्हणाले आणि रुबाबात घरी आले.

एक तारखेला नवी यादी घेऊन दुकानात गेले. कागद कोरा करकरीत, एकाच बाजूला लिहिलेला. अण्णांनी आधी उलटवून बघितला. मागे काही नाही म्हणून जरा हिरमुसले, मग पुढून वाचायला लागले. पाचव्या ओळीवर थांबले. करंगळी वर गेली.

मी झटकन दोन पावलं मागे सरकले आणि चुरमुऱ्यांच्या उघड्या पोत्यात कंबरेपर्यंत जाऊन बसले.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कुणी हसलं नाही, म्हणजे फारच वाईट दिसत असणार.

"वहिनी," अण्णा हळूच म्हणाले, "साबुदाणा संपलाय, येवढंच सांगत हुतो."

चुरमुरे यादीत नव्हते. पोत्यात बसल्या बसल्या मी अण्णांकडून कागद मागून घेतला, पर्समधून पेन काढलं आणि खाली पुढचा नंबर घालून लिहिले.