समासातली रेघ

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लायब्ररीत मी दर मंगळवारी जपानी बायकांना इंग्रजी लिहायला शिकवते. पुण्याच्या शाळेत पंधरा वर्षं लाल पेन चालवलेलं, त्यामुळे चूक दिसली की हात शिवशिवतात.

त्यातली एक जपानमध्ये नर्स होती, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेली. मी लाल करून दिलेलं पान ती दोन्ही हातांनी घ्यायची, वाकून आभार मानायची आणि पुढच्या आठवड्याला सगळं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून आणायची. नव्या निबंधात मात्र पुन्हा त्याच चुका. दोन महिने हे चाललं. अभ्यास माझाच होत होता, तिचा नाही. शेवटी माझं डोकं फिरलं.

मी दुरुस्ती बंदच केली. चूक असलेल्या ओळीसमोर समासात नुसती एक रेघ मारायची, चूक तिने शोधायची. ते पान पाहून तिचा चेहराच उतरला. तिला वाटलं, टीचरने आपला नाद सोडला. मी समजावलं, पण तिला पटलं नाही हे दिसत होतं.

अशातच एका केअर होममध्ये जागा निघाली. अर्जासोबत स्वतःबद्दल एक पान लिहून द्यायचं होतं. एवढं एकच पान पूर्ण दुरुस्त करून द्या, अशी तिने विनवणी केली.

घरी नवरा म्हणाला, "अगं, दे ना करून. तिच्या जॉबचा प्रश्न आहे."

पण नोकरी लागल्यावर तिथल्या आजी-आजोबांच्या रोजच्या नोंदी कोण लिहिणार होतं, मी? मी अकरा रेघा मारून पान परत दिलं. ती वर्गानंतरचा चहा न घेताच निघून गेली. तो आठवडा मला फार वाईट गेला, खोटं कशाला बोलू?

पुढच्या मंगळवारी तिने नऊ चुका शोधून आणल्या. उरलेल्या दोन मला दिसत होत्या. मी पेनाला टोपण घट्ट लावलं आणि म्हटलं, पाठव.

नोकरी तिला मिळाली. मी इतकी खूश झाले की अभिनंदनाचं कार्ड पानभर लिहिलं. पुढच्या वेळी तेच कार्ड तिने दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं. कडेला पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"या ओळीत एक आहे," ती शांतपणे म्हणाली. "शोधा, टीचर."

तिसऱ्यांदा वाचल्यावर मला ती सापडली, आणि भर लायब्ररीत मी टाळ्या वाजवल्या.