गच्ची नसलेल्यांचे वकील

विजेच्या दरवाढीचा प्रस्ताव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ज्यांनी प्रस्ताव लिहिला त्यांनीही तो पुरता वाचला नसावा, असा मामांचा वहीम आहे आणि तो अगदीच निराधार नाही. मामांची सगळी नोकरी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, मामा वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीला जाऊ लागले. एकदा प्रस्तावात 'वीजहानी'च्या जागी 'वीजहमी' छापलं गेलं होतं. मामांनी रजिस्टर पोस्टाने कळवलं, "यांपैकी आपण नक्की काय देता, ते कृपया स्पष्ट व्हावे." उत्तर आलं नाही. पुढच्या प्रस्तावात मात्र शब्द सुधारलेला होता. हा विजय मामांनी चितळ्यांच्या नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाकरवडीवर साजरा केला, कारण चितळ्यांकडे रांग होती.

दुपारी उन्हाची वीज मुबलक असते आणि संध्याकाळी मात्र कोळशावर भिस्त असते, हे त्यांनी अशाच कुठल्यातरी पानावर वाचलं आणि सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांचं वेळापत्रक उलटंपालटं झालं. इस्त्री, मिक्सर, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं भर दुपारी. घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाही "अंघोळ साडेबाराला केली तर चालेल ना?" असं अत्यंत आदराने विचारलं जाई. पेठेत दुपारी एक ते चार माणसं झोपतात. त्या शांततेत मामांच्या घरातून येणारी घरघर हा शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय झाला. मामींचा संसार मात्र मामांच्या धोरणावर चालत नसे. एका संध्याकाळी सातला त्यांनी चटणी वाटायला घेतली, तेव्हा मी तिथेच होतो.

"अगं, आता? तिकडे कोळसा जळतोय!" मामा कळवळून म्हणाले.

"जळू दे," मामी म्हणाल्या. "इकडे इडल्या झाल्यात."

मामांनी त्या चटणीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र उरलेली चाटूनपुसून खाल्ली.

अशा माणसाला घरावर सौर पॅनेल बसवावंसं वाटणं साहजिकच होतं. पण मामा भाडेकरू, गच्ची मालकांची. मामा रीतसर विनंती घेऊन गेले. मालक म्हणाले, "ऊन हवं तेवढं घ्या. गच्ची माझी आहे." दुसरा कोणी भांडून आला असता. मामांनी आठ दिवस त्यावर विचार केला. मग म्हणाले, "जावईबापू, माणूस बरोबर बोलला हो. या पेठेत गच्ची असलेले किती आणि नसलेले किती? वरच्या खोल्यांत वर्ध्याची, यवतमाळची पोरं राहतात, खाली मेसवाल्या बाई. सवलत निघते ती गच्चीवाल्यांसाठी. आमचा सूर्य वेगळा आहे का?" त्याच दुपारी त्यांनी हरकत लिहिली. पॅनेल गावाबाहेर कुठेही बसवा, बिगरगच्चीवाल्यांना त्यात वाटा द्या आणि त्या वाट्याची वीज ज्याच्या-त्याच्या बिलातून वजा करा.

सुनावणीत मामांचा नंबर जेवणानंतर लागला. मोठे कारखानदार आपापले वकील घेऊन आले होते, मामा एकटेच उभे राहिले. दोन मिनिटांतच व्यासपीठावरून त्यांना थांबवण्यात आलं. "आपला मुद्दा या प्रस्तावात बसत नाही."

"बसत नाही म्हणूनच उभा आहे," मामा म्हणाले.

सभागृह हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी उरलेला मजकूर वाचून दाखवला, नमस्कार केला आणि खाली बसले. त्यानंतर जेव्हा जेव्हा सुनावणी झाली, तेव्हा तेव्हा ते तोच मुद्दा घेऊन गेले. दारावरचा शिपाई त्यांना "या, गच्ची" म्हणू लागला.

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं. मामी मला फोनवर म्हणाल्या, "जेवतायत, फिरतायत, पण बोलत नाहीत हो." तेव्हापासून शनिवारी हिंजवडीच्या ऑफिसचा लॅपटॉप बाजूला ठेवून मी पेठेत जाऊ लागलो आणि प्रस्ताव मोठ्याने वाचू लागलो. मामा डोळे मिटून ऐकत. मी एखादं पान गाळलं तर लगेच म्हणत, "मधलं कुठे गेलं?" सुनावणीला रजा काढून मीच गेलो. मामांचा तोच मुद्दा वाचून दाखवला. वाचून झाल्यावर व्यासपीठावरच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "ते स्वतः नाही आले?" मी कारण सांगितलं. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

काही महिन्यांनी आदेश आला. मी तो मामांना वाचून दाखवत होतो आणि हा परिच्छेद आला. 'स्वतःचे छत नसलेल्या ग्राहकांनाही सामायिक सौर प्रकल्पात सहभाग घेता यावा, अशी सूचना एका ग्राहकाने केली. आयोगास ती रास्त वाटते. वितरण कंपनीने त्यासाठी योजना सादर करावी.'

"पुन्हा वाचा," मामा म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"नाव नाही घातलं तुमचं," मी म्हणालो.

"कशाला? 'एका ग्राहकाने' हे किती नेमकं आहे!" त्यांचा चेहरा उजळला होता. मामींनी न विचारता दोघांपुढे चहा ठेवला. मामांनी तो सावकाश संपवला आणि बशी चाचपत खाली ठेवली.

"पुढच्या वेळीही तुम्हीच जा, जावईबापू," ते म्हणाले. "मला आता त्या सभागृहाचा जिना चढायचा कंटाळा येतो."

इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून 'कंटाळा' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी "बरं" म्हटलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं.