फाट्यावरची मावशी

आमच्या चिखलीला रेल्वे नाही. कापूस आहे, धान्याचा बाजार आहे, येष्टीचा स्टँड आहे. रूळ म्हणाल तर वीतभरही नाही. गाडी पाहायची तर मलकापूर गाठावं लागतं. तरुणपणी मी दर महिन्याला नुसत्या गाड्या पाहायला मलकापूरला जायचो. फलाटावरच्या एकाच बाकावर मी इतका बसलो, की त्या सिमेंटच्या बाकाला माझ्या मापाचा खड्डा पडला. दुसरं कोणी बसलं की एका बाजूला कलंडायचं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी काही बाक उचलून आणू शकत नाही.

पुढे पंचायत समितीतल्या कारकुनीतून निवृत्त झालो आणि ठरवलं, रेल्वे गावात येत नाही ना, घरात आणू. वरच्या खोलीत आठ फुटी प्लायवूड टाकलं. त्याच्यावर खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान रूळ, एक इंजिन, सहा डबे, दोन सिग्नल, एक बोगदा आणि एक स्टेशन. स्टेशनला पिवळी पाटी केली आणि काळ्या रंगात स्वतः लिहिलं, ‘चिखली जंक्शन’. आपल्याच हातानं लिहायचं तर साध्या स्टेशनावर कशाला भागवा?

इंजिनाचं पार्सल आलं तेव्हा बायकोनं विचारलं, “काय हाये हे?”

“गुडघ्याची मशीन,” मी म्हणालो.

थाप एवढी झकास बसली, की संध्याकाळी तिनं गाडीला वीज देणारा माझा ट्रान्स्फॉर्मर गुडघ्याला लावून दहा मिनिटं त्याची घूं घूं घेतली आणि वर सांगितलं, “फरक हाये बरं.” पंधरा दिवस ती जिने धडाधड चढत होती. त्या धडाधड चढण्यातच एक दिवस ती वरच्या खोलीत पोचली आणि तिला रूळ दिसले. मी घाईघाईनं समजावून सांगायला लागलो, की हे पाहा, इथं रुळाला रूळ मिळतो ना, त्याला रेल्वेच्या भाषेत सांधा म्हणतात.

“हाव का? म्हंजे सांध्याचंच दुखनं म्हना ना,” ती म्हणाली आणि खाली गेली.

मुलगा एकदा वर आला, “भारी हाये बाबा” म्हणाला आणि मोबाइल पाहत पाहतच उतरला. सून पोछा मारायला आली, तिनं प्लायवूडच्या खालून पोछा मारला. झालं. माझी गाडी रोज सकाळी दहा दहाला सुटायची, दहा चौदाला यायची. शेजारच्या बाई तिच्या शिट्टीवर कुकर बंद करायच्या, इतकी ती वेळेची पक्की. पण एकट्यानं रेल्वे चालवण्यात एक खोट असते. गाडी वेळेवर आली, हे सांगायला कोणी लागतंच ना!

ते कोणी म्हणजे आता नात. साडेपाच वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि एक दिवस ती आपणहून जिना चढून आली. ही गेली तर पुढची गिऱ्हाईकं संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी तिला खुर्चीवर दोन उशा देऊन बसवलं आणि पहिल्याच दिवशी अडीच तास रेल्वेचं ज्ञान दिलं. पोर हुशार. तासाभरात सिग्नल शिकली, इंजिन आणि डबा यांच्यातली कडी लावायला शिकली. फक्त वेगाचं बटण मी माझ्याकडे ठेवलं. ते कोणाला द्यायचं नसतं.

आता इथं मला एक चूक कबूल केली पाहिजे. पोरीचं आजोळ धामणगाव बढ्याचं. जन्मल्यापासून ती जमिनीवर जितकी चालली नसेल तितकी येष्टीत बसली आहे. बारशालाच ती कंडक्टरच्या कातडी पिशवीत झोपून आली होती, असं मी सगळ्यांना सांगतो आणि सून नाही नाही म्हणते. पोरीनं रेल्वे कधी पाहिली नव्हती. तिच्या लेखी गाडी म्हणजे येष्टी, आणि हे मी आधीच ओळखायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या रुळांकडे बोट दाखवून म्हणाली, “आबा, हा फाटा हाये ना?”

“फाटा नाही व बाई, सांधा. इथून एक लाइन सरळ जाते, एक वळते.”

“मंग फाटाच ना!”

मी म्हटलं, जाऊ दे, लहान आहे. पण आपल्याकडे फाटा म्हणजे नुसता वळणारा रस्ता नसतो. फाटा म्हणजे चहाची टपरी, कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली पिशव्या घेऊन उभी माणसं. सुनेला घ्यायला तिची बहीण येते तीही फाट्यावरच. आणि फाट्यावर हात केला की येष्टी थांबते. हे त्या पोरीला आईच्या नावाइतकं पाठ.

माझ्याकडे प्लास्टिकचे चोवीस प्रवासी होते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. सगळे परदेशी थंडीचे, ओव्हरकोट आणि हॅटी घातलेले. चिखलीच्या उन्हात त्यांना घाम फुटेल म्हणून मी ब्रश घेऊन हॅटींच्या पांढऱ्या टोप्या केल्या आणि बायकांच्या कोटांची लुगडी. त्यातली एक बाई टॅक्सीला हात करत असावी, हात वर, दुसऱ्या हातात बॅग. पोरीनं नेमकी तीच उचलली आणि सांध्यापाशी नेऊन उभी केली.

मी दहा दहाची गाडी सोडली.

“आबा, थांबवा! मावशी हात दाखवून राह्यली!”

“रेल्वे हात पाहून थांबत नसते बाई.”

“काऊन?”

“तिचा टाइम असते.”

“येष्टीलेबी टाइम असते. तरी थांबते.”

एवढं होईपर्यंत गाडी सांध्यावर पोचली होती. मावशीचा पाय रुळात होता. इंजिन तिला धडकलं, वाकडं झालं, आणि मागचे सहाच्या सहा डबे प्लायवूडवरून असे कोसळले की खाली स्वयंपाकघरात बायकोच्या हातातली पोळी उलटली, असं तिचंच म्हणणं आहे. मी ओरडलो. आता मी ओरडलो म्हणजे काय, नीटच ओरडलो. सांध्यावर माणूस उभं करायचं नसते! रेल्वेचा कायदा हाये! माणसानं स्टेशनवर यावं, फलाटावर उभं राहावं, गाडी येईल तेव्हा चढावं!

पोरगी रडली नाही. ती रडली असती तर मी जिंकलो असतो. तिनं मावशीला उचललं, तिच्या लुगड्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, “स्टेशन किती लांब हाये?”

“असंल... पाच किलोमीटर.”

“एवढ्या उन्हात मावशी पायी जाईन? पिशवी घेऊन?”

मी वाकून डबे रुळावर लावायला लागलो.

“तुमची गाडी लय वंगाळ हाये,” ती म्हणाली. मग तिनं फ्रॉकचा ओचा केला आणि स्टेशनवरून एकेक प्रवासी उचलून त्यात टाकले. फलाटावर गोंदानं चिकटवलेलेसुद्धा उपटले. चोवीसच्या चोवीस माणसं घेऊन ती जिना उतरून गेली.

खाली येष्टी सुरू झाली. चपलेचा खोका, त्याला लाल खडू. जेवणाच्या टेबलाखाली डेपो, फ्रिजपाशी फाटा, देवघरासमोर शेवटचा थांबा. खिडक्यांतून जागा धरायला चिंध्यांचे रुमाल आत टाकलेले. तोंडानंच टिंग टिंग. आणि डेपो मॅनेजर कोण? तर माझी बायको. रूळ पाहिल्यापासून गुडघेदुखीचं निमित्त करून वरच्या खोलीत पुन्हा कधी न आलेली बाई टेबलाखाली मांडी घालून बसली होती.

मी म्हटलं, दोन दिवसांत येईल परत. नाही आली. आठ दिवस मी रिकामी गाडी चालवली. दहा दहाला सुटे, दहा चौदाला येई. फलाटावर माणसांच्या जागी गोंदाचे नुसते ठिपके. एवढी वक्तशीर गाडी उभ्या मुलखात नसेल, आणि तिच्यात बसायला चिटपाखरू नाही. जेवताना बायको विचारायची, “काय म्हंते तुमची रेल्वे? गर्दी हाये का?” आणि नात भात कालवता कालवता म्हणायची, “आमची तं फुल्ल हाये. उभं राहाले जागा नाही.”

नवव्या दिवशी मी गाडी सोडली आणि चार मिनिटं तिच्याकडे न पाहता जिन्याकडे पाहत बसलो, असं माझ्या लक्षात आलं. गाडी बंद केली, चप्पल घातली आणि खाली उतरलो. घरातल्या घरात चप्पल कशाला? तर माणूस प्रवासाला निघाला की घालतोच.

फ्रिजपाशी जाऊन मी उभा राहिलो. टेबलाखालून लाल खोका निघाला, त्याच्यामागे गुडघ्यांवर रांगत नात. मी हात केला.

गाडी थांबली नाही.

“भरली हाये!” कंडक्टर म्हणाली. “मांगून येऊन राह्यली दुसरी!”

मागून दुसरी नव्हती, हे मला माहीत होतं, डेपो मॅनेजरला माहीत होतं. मी उभा राहिलो. दुसऱ्या फेरीला पुन्हा हात केला. खोका सरळ देवघराकडे गेला. डेपो मॅनेजर पदर तोंडाला लावून हसत होती.

“आजोबाले घे व माय,” तिला शेवटी दया आली. “म्हातारं मानूस हाये.”

“म्हाताऱ्याईनं टायमावर यावं,” नात म्हणाली.

मला वाटलं, गेली. ही काही आता वर येत नाही, आणि आपण फ्रिजपाशीच म्हातारे होणार. फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली. साठी उलटलेला माणूस मी, पण एखादी गाडी थांबावी असं मला मलकापूरच्या बाकावरही इतकं वाटलं नव्हतं. तिसऱ्या फेरीला मी हात केला तो असा, की खांदा निखळायचाच बाकी राहिला.

खोका थांबला.

“कुठी जाचं?”

“चिखली जंक्शन.”

“तथी जाऊन काय फायदा? तथची गाडी थांबत नाही.”

“आता थांबते.”

“कोनासाठी?”

“जो हात दाखवन त्याच्यासाठी. फाट्यावरबी.” सांध्याला मी पहिल्यांदाच फाटा म्हटलं.

ती विचारात पडली. मग म्हणाली, “लेहून द्या.”

हे मात्र माझ्या हातचं काम. उभी हयात कागदावर घालवलेला माणूस मी. डब्यातून पेन काढलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर परिपत्रक लिहिलं: ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, चिखली जंक्शन येथून सुटणारी गाडी यापुढे फाट्यावर, झाडाखाली, टपरीपुढे अथवा जिथे कोणी हात दाखवील तिथे थांबविण्यात येईल. वेळापत्रक आजपासून रद्द समजावे. सही.’ पोरीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद डेपो मॅनेजरकडे दिला. बायकोनं ‘वेळापत्रक रद्द’ दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

“शिक्का?” नातीनं विचारलं.

शिक्का नव्हता. मग माझा अंगठा कुंकवात बुडवून घेतला गेला.

खोक्यातून चोवीस प्रवासी वर आले, मावशी सर्वांत पुढे. तिला तिच्या जागी, सांध्यापाशी, म्हणजे फाट्यापाशी, रुळापासून दोन बोटं लांब उभं करण्यात आलं. मी खुर्चीत बसायला गेलो तर खुर्चीत आधीच नात होती, दोन उशांवर. आणि तिचा हात वेगाच्या बटणावर.

बटण परत मागितलं असतं तर चोवीस माणसं पुन्हा फ्रॉकच्या ओच्यात गेली असती.

“आबा, तुमी कंडक्टर. दारात उभं राहा.”

मी दारात उभा राहिलो. गाडी सुटली. आठ फुटांचा प्रवास सुरू झाला आणि त्याला पाऊण तास लागला. फाट्यावर मावशी चढली. मग एका आजोबांची टोपी उडाली म्हणून थांबलो. एका बाईचं पोर ओकलं म्हणून थांबलो. बोगद्याच्या तोंडाशी चहासाठी थांबलो. प्रत्येक थांब्यावर पोरगी बटण इतकं हळू शून्यावर आणायची, की एकही प्रवासी हलला नाही. मला ते आजवर जमलेलं नाही. माझी गाडी थांबते तेव्हा नेहमी दोघं-तिघं आडवे होतात.

शेवटच्या वळणावर तिनं गाडी पुन्हा थांबवली. मी पाहिलं, रुळाशेजारी कोणीच नव्हतं.

“टिंग टिंग,” मी म्हणालो. “चाल ना व. कोनी नाही इथी.”

“हाये. एक काकू धावत-पयत येऊन राह्यली.”

“कुठी?”

“तथी, दूर. वावरातून. पाहा ना.”

मी चष्मा पुसला, प्लायवूडवर वाकलो आणि तिच्या बोटाच्या रोखानं नीट पाहिलं. खरंच येत होती बिचारी. पिशवी जड होती तिची, आणि एका पायातली चप्पल तुटलेली.

“थांब मंग,” मी म्हणालो. “घाई नको करू.”