आत्याची आटलेली म्हैस

आमच्या घरात पगार नव्हता, दोन म्हशी होत्या. राणी आणि भुरी. बाबा लग्नसराईत तंबू ठोकायला जायचे. उरलेलं वर्ष घर म्हशींवर चालायचं आणि म्हशी आत्यावर. ही बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन देवासला माहेरी परतलेली. गल्ली तिला दूधवाली आत्या म्हणायची. पण दुधाबद्दल तिच्या तोंडून खरं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

नजर लागेल म्हणून! कुणी भुरीचं विचारलं की ही म्हणे, "कसलं दूध, बाई! आटली कधीच. जे काय आहे ते राणीचं." राणीचं विचारलं की राणी आटलेली, सगळं भुरीचं. दुधाची किटलीसुद्धा पदराखालून न्यायची. माझीही तीच गत. बारावीत मी शाळेत पहिली आले, तर पेढे मागायला आलेल्यांना म्हणाली, "कशीबशी ढकलली हो वरती." मी चिडले. "ओरडू नकोस," ती म्हणाली, "टिकवून ठेवतेय तुला."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वैशाखात गारांचं वादळ आलं आणि कडुनिंबाखाली बांधलेल्या भुरीवर वीज पडली. बाबा म्हणाले, "एका म्हशीवर घर चालेल, पोरीचं कॉलेज नाही." सरकारी मदत मिळणार होती, पण दुभत्या जनावराची. आटलेल्या म्हशीचं कोण काय देतंय!

दुसऱ्या दिवशी पटवारी आणि जनावरांचे डॉक्टर पंचनाम्याला आले. सगळी गल्ली जमली. पटवाऱ्यानं विचारलं, "भैंस दूध देती थी?"

समोरचे टेलरकाका, भला माणूस, मदतीच्या उत्साहात पुढे झाले. "कहाँ का दूध, भिया! सूख गई थी बिचारी. बाई खुदई बोलती थी." मागच्या बायकांनी माना डोलावल्या.

बाबांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी वाकून कास पाहिली. "ये तो दूध में थी," ते म्हणाले. "पर पंच साइन कैसे करेंगे? बाई, सबके सामने बोलो, सच क्या है."

आत्या मला म्हणाली, "राणीला आत बांध. काजळ लाव तिला." मग पदर खोचून उभी राहिली.

"बारा लिटर. दोन वेळचं मिळून."

"बारा?" टेलरकाका ओरडले. "आणि मला पावशेर घालताना हात आखडत होतीस, आत्या?"

"तुझीच नजर वाईट, मेल्या!"

लोक हसले, डॉक्टरही हसले. पण आत्या थांबेना. साय कशी बोटभर यायची, परक्यानं हात लावला की भुरी दूध कसं चोरायची, आणि हिनं नुसती हाक मारली की पान्हा कसा सोडायची. पटवाऱ्याचं लिहून झालं, पंचांच्या सह्या झाल्या, सगळ्यात आधी टेलरकाकांची, तरी हिचं कौतुक चालूच. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं ते. बोलता बोलता रडायला लागली, आणि रडतानाही सांगतच होती.

मदत पावसाळ्यात खात्यात जमा झाली. त्यात थोडी भर घालून बाबांनी कन्नौदकडची दुभती म्हैस आणली. माझं कॉलेज सुटलं नाही. 'कशीबशी ढकलली' म्हणायला आत्या आता नाही, म्हणून खरं मीच सांगते. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.