सोमवारच्या तेलातलं पाणी

प्रमिलाबाई इंगळे गुजरातेतल्या पलसाण्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये लागल्या त्या तेलाचे डबे पुसायला. गाव मलकापूरजवळचं, शिक्षण दहावी. घर तिकडेच उधन्याला, नवरा प्रदीप यंत्रमागावर. मिलच्या तेलाच्या खोलीत तेव्हा एकच नरसाळं होतं. गिअरबॉक्सचं जाड तेल त्यातूनच आणि टर्बाइनचं पातळ तेलही त्यातूनच. पिंपं अंगणात उघड्यावर उभी, झाकणांवर धूळ नि पाणी साचलेलं.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी बाईंनी महिन्याभरात पिंपं शेडखाली आडवी करून घेतली. प्रत्येक तेलाला वेगळं नरसाळं आणि वेगळ्या रंगाची पट्टी दिली. फिटर हसले. मग त्यांनी काचेच्या बाटल्या जमवल्या. प्रत्येक मशीनचं थोडं थोडं तेल घ्यायचं, चिठ्ठीवर तारीख टाकायची आणि खिडकीच्या उजेडात धरून जुन्या बाटलीशी ताडून बघायचं. चार वर्षांत सगळ्या मशीनचं तेलपाणी त्यांच्याच हाती आलं.

त्या मिलची वीज मिलमध्येच तयार व्हायची. बॉयलरच्या वाफेवर टर्बाइन फिरायचं आणि त्याच्यावर सगळी मिल. एका वर्षात टर्बाइनचं बेअरिंग दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी मिल अकरा दिवस बंद राहिली. मेंटेनन्सचे प्रमुख गजेंद्र पाटील नंदुरबारकडचे, कामाला कडक. बेअरिंगचा मालच हलका, असं त्यांचं ठाम मत. कारण तेलाचा नमुना दर तीन महिन्यांनी बाहेरच्या लॅबमध्ये जायचा आणि रिपोर्ट दर वेळी स्वच्छ यायचा.

बाईंना मात्र एक गोष्ट खुपत होती. टर्बाइनची सोमवारची बाटली किंचित धुरकट दिसायची, गुरुवारची लख्ख.

त्यांनी ते गजेंद्र साहेबांना सांगितलं. साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "बाई, हे लॅबचं आहे. तुमच्या डोळ्यांवर टर्बाइन थांबवू का मी?"

बाई खोलीत परतल्या आणि दोन्ही बाटल्या पुन्हा उजेडात धरल्या. बोलणं लागलं होतं.

दोन दिवसांनी घरी भजी तळताना कढई ओली राहिली होती. तेल तापलं तसं तडतडायला लागलं. बाईंनी गॅस बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काऊन वं, काय झालं?" प्रदीपने विचारलं.

"तेलात पाणी असलं का ते तापल्यावर आवाज करते. मशीनचं तेल काऊन नाही करणार?"

पुढच्या सोमवारी त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि वर्कशॉपमधली विजेची शेगडी तापवली. लोखंडी पत्र्यावर पहिला थेंब नव्या पिंपातला. तो पसरला, गप्प. दुसरा गेल्या गुरुवारचा. तोही गप्प. तिसरा त्या सकाळी टर्बाइनमधून काढलेला. तो पत्र्यावर पडताच तडतड उडाला.

बाईंनी बोलावल्यावर गजेंद्र साहेब आले. त्यांनी स्वतःच्या हाताने थेंब टाकला. तडतड. पुन्हा टाकला. पुन्हा तडतड.

"ही चाचणी लॅबवालेही करतात," ते हळूच म्हणाले. "मग रिपोर्टात का नाही आलं?"

"साहेब, लॅबचा माणूस गुरुवारी येतो, टाकीच्या वरचं तेल घेतो. तोवर पाणी तळाला बसलेलं असतं. रविवारी टर्बाइन बंद असतं, तेलाचा दाब जातो. पण तेल थंड करायच्या कूलरमधलं पाणी आपण चालूच ठेवतो. कूलरची नळी कुठेतरी फुटली असणार. दाब असतो तोवर तेल पाण्याला आत येऊ देत नाही. रविवारी पाण्याला मोकळं रान, आणि सोमवारी तेच पाणी बेअरिंग खातं."

मिलचे मालक शेठही खाली उतरले होते. दिवाळीचा माल मशीनवर चढलेला. त्यांनी गुजरातीतच विचारलं, "प्रमिलाबेन, पक्कुं?"

चुकलं, तर बाईंना तेलाच्या खोलीतही जागा राहणार नव्हती. पण त्या म्हणाल्या, "पक्कं, शेठ. आज थांबलो तर एक दिवस जाईल. बेअरिंग गेलं तर पुन्हा अकरा."

टर्बाइन थांबलं. कूलर काढला, तोंडं बंद केली, आत हवा भरली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. सगळे काठावर वाकले. क्षणभर काहीच नाही. मग एका नळीतून बारीक बुडबुडे निघाले, एकामागून एक, थांबेचनात.

"सापडलं!" गजेंद्र साहेब एवढ्याने ओरडले की बॉयलरवरची माणसं धावत आली. साहेब बाईंकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मी चुकलो. तुमचे डोळे खरे निघाले."

प्रमिलाबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. दोन्ही एकदमच.

फुटकी नळी बुजवून दुसऱ्या दिवशी मिल चालू झाली. सोमवारचा नमुना लॅबला गेला होता. तेलात जेवढं चालतं त्याच्या आठपट पाणी निघालं. तेव्हापासून नमुना सोमवारी, चालत्या मशीनमधून आणि बाईंच्याच हाताने निघतो. तेल बिघडलेलं दिसलं की त्या मशीनवर ‘बंद’ची लाल पाटी लावायचा हक्क त्यांना मिळाला. ती पाटी गजेंद्र साहेबसुद्धा परस्पर काढत नाहीत.

पुढे शेजारच्या सचिन गावच्या एका मिलने त्यांना शिकवायला बोलावलं. समोर चौदा फिटर, निम्मे हाताची घडी घालून. बाईंनी भाषण केलं नाही, सरळ पत्रा तापवला. तासाभरात चौदाही जण शेगडीभोवती दाटीने उभे होते, आपापल्या मशीनची बाटली घेऊन.

यंदा टर्बाइन वर्षभराने उघडलं. बेअरिंग आरशासारखं निघालं, एक ओरखडा नाही. साहेबांनी त्यावरून नख फिरवलं आणि बाजूला सरकून बाईंना जागा दिली. बाईंनीही बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बसवा परत," त्या म्हणाल्या. "अजून पुष्कळ चालेल."