उशिराचं गणित

उशीर या विषयात डॉक्टरेट मिळवलेला आणि ती रोज नव्याने सार्थ करणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. यात अतिशयोक्ती काडीचीही नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे हे यजमान कल्याणच्या पलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि त्यांच्या संशोधनाचा विषयच मुळी उशीर हा आहे. यंत्राला हुकूम दिला आणि ते जरा वेळाने हललं, तर त्या ‘जरा वेळात’ काय काय घोटाळे होतात आणि ते होऊ नयेत म्हणून हुकूम कसा द्यावा, याचं गणित ते मांडतात. जोडीला दुसरा विषय आहे : कामं पुष्कळ आणि यंत्रं मोजकी असली तर कुठलं काम आधी लावावं. या दोन्ही विषयांवर त्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून येतात, आणि ते स्वतः डोंबिवलीहून आमच्या बाळकुमच्या घरी जेवायला निघतात तेव्हा आम्ही जेवून, झाकपाक करून, कधीकधी झोपून उठलेलो असतो. कारण निघण्याआधी ते रस्ता ठरवतात. शिळफाट्याने यावं, मानकोलीच्या पुलावरून यावं, की कल्याणला वळसा घालून भिवंडीमार्गे काशेळीचा पूल गाठावा, हे सगळे पर्याय तपासून होईपर्यंत त्या सगळ्याच रस्त्यांवर गर्दी झालेली असते. मग ते शांतपणे म्हणतात, “म्हणजे आता कुठूनही गेलं तरी सारखंच. प्रश्न सोपा झाला.”

त्यांची माझी पहिली ओळख माझ्याच लग्नात झाली. थोरले जावई म्हणून जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे दिली होती. व्यवस्था म्हणजे नुसतं ‘या, बसा, घ्या’ म्हणत फिरायचं, एवढीच सासरच्या मंडळींची अपेक्षा. पण साडूंनी रांग पाहिली आणि त्यांच्यातला गणिती जागा झाला. ज्याचं काम थोडक्यात उरकतं त्याला आधी सोडावं, म्हणजे सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं, असा त्यांच्या शास्त्रातला एक निर्विवाद नियम आहे. त्यांनी तो तिथल्या तिथे लागू केला. नुसता वरणभात खाणाऱ्या आजीबाई पुढे, आइस्क्रीमपुरती आलेली पोरं पुढे, ‘आम्ही जेवून आलोय, फक्त तोंड गोड करू’ म्हणणारे ऑफिसातले लोक पुढे. माझे मोठे काका, ज्यांच्या जेवणाला आमच्या घराण्यात एक प्रतिष्ठा आहे, ते रांगेत तिसरे होते. नियमाप्रमाणे ते मागे मागे सरकत शेवटी मंडपाच्या खांबाला टेकले. कोणीतरी पटकन खाणारा नवा पाहुणा आला की साडू हात जोडून काकांना म्हणत, “एक मिनिट.” शेवटी जिलेबीचं ताट रिकामं होताना पाहून काकांचा संयम सुटला. “अहो, मी काय पाप केलंय?” साडूंनी त्यांचा हात प्रेमाने हातात घेतला. “काका, तुम्ही थांबलात म्हणून सरासरी केवढी सुधारली आहे, तुम्हाला कल्पना नाही!” काका त्यानंतर माझ्या सासुरवाडीच्या कुठल्याही कार्याला गेले नाहीत. साडूंनी त्यावर पुढे एक निबंध लिहिला. त्यात काकांना ‘प्रदीर्घ कार्य’ असं म्हटलं होतं.

त्यांच्या निबंधातला कारखाना हे एक आदर्श स्थळ आहे. तिथली यंत्रं बिघडत नाहीत, वीज जात नाही, कामगार लग्नाला गावी जात नाहीत, आणि कच्चा माल नेहमी ‘शून्य क्षणी’, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, हजर असतो. हा कारखाना कुठे आहे असं मी एकदा भाबडेपणाने विचारलं, तर ते म्हणाले, “असता तर त्यावर लिहिता आलं नसतं.” तरी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका खऱ्या कारखानदाराने त्यांना एकदा हौसेने बोलावलं. त्याच्याकडे मशिनं थोडी आणि ऑर्डरी फार झाल्या होत्या. साडू महिनाभर तिथे हिंडले, टोपी घालून, कानात बोळे घालून. मग त्यांनी एक जाडजूड अहवाल दिला. त्याचा सारांश असा की, हा प्रश्न इतका अवघड आहे की तो झटपट सोडवण्याची रीत आजवर जगात कुणालाच सापडलेली नाही, आणि हे त्यांनी पूर्णपणे सिद्ध केलं आहे. कारखानदाराने अहवाल उलटसुलट करून पाहिला. “सर, ते बरोबर. पण शुक्रवारी कुठला जॉब आधी लावू?” साडू म्हणाले, “तो वेगळा प्रश्न आहे.” नंतर भेटले तेव्हा मला मात्र ते आनंदाने सांगत होते, “प्रत्यक्षातला प्रश्न इतका शुद्ध अवघड निघेल असं वाटलं नव्हतं रे!”

स्वतःच्या सोसायटीचंही त्यांनी भलं करून पाहिलं. पाण्याची बोंब होती म्हणून त्यांनी टाकीची पातळी मोजून पुढच्या दिवसाचा अंदाज सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, ‘उद्या सकाळी पाणी कमी पडण्याची शक्यता.’ त्याबरोबर प्रत्येक घरात बादल्या, टिपं, कढया, एका घरात तर बाळाचा टब, सगळं भरून घेतलं गेलं, आणि टाकी संध्याकाळीच ठणठणीत कोरडी पडली. सकाळी तोंडाला फेस घेऊन सेक्रेटरी दारात उभे. साडूंचा चेहरा उजळला होता. “पाहिलंत? अंदाज खरा ठरला!” आतून ताईंचा आवाज आला, “अहो, आपण मात्र भरायला विसरलोय.”

ताईंचं या संसारात काय होत असेल, असा प्रश्न आमच्याकडे नेहमी निघतो. माझी बायको म्हणते, ताई अर्धं ऐकतच नाही, म्हणून टिकलीय. ते खरं असावं. पण त्यांच्या वडिलांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, या जावयाचं करायचं काय हे कधी उमगलं नव्हतं. सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या जुन्या रेयॉन कारखान्यात नोकरी करून दोन्ही मुलींना शिकवलेले, ताठ कण्याचे गृहस्थ. बुद्धविहाराच्या कामात पुढे, कपडे स्वतः धुणार, इस्त्री स्वतः करणार. थोरल्या जावयाबद्दल शेजारी विचारत तेव्हा ते इकडेतिकडे बघत सांगत, “कॉलेजात आहेत. घड्याळाचं काहीतरी करतात.” सासरा-जावयाचं बोलणं ‘बरे आहात?’ आणि ‘बरा आहे’ याच्या पलीकडे गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा अंगणात चालता चालता कोसळले. कल्याणच्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या मागच्या भागात रक्त अडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, हातापायातली ताकदही गेलेली नाही, पण तोल आणि अंदाज गेलाय. दवाखान्यात कोणी कधी थांबायचं याचं वेळापत्रक साहजिकच साडूंनी करायला घेतलं. प्रत्येकाची नोकरी, अंतर, पाठदुखी, सगळं धरून त्यांनी ते इतकं निर्दोष केलं, की ते तयार झालं त्या दिवशी अण्णांना घरी सोडण्यात आलं.

अण्णांना डोंबिवलीला ताईंकडे आणलं, आणि मग हसण्यासारखं काही उरलं नाही. अण्णांचा हात कपाकडे जाई तो कपाच्या पुढे जाई, मागे घेतला तर फार मागे येई, पुन्हा पुढे, जास्तच पुढे, आणि शेवटी कप आडवा. चमचा ओठाऐवजी गालाला लागे. ताई भरवायला गेल्या तर ते तोंड फिरवत. “मला कुणाच्या हातून नको.” एवढंच बोलत. दोन्ही लेकींनी विनवण्या केल्या, रागावल्या, रडल्या. अण्णा खाईनासे झाले. पाणीसुद्धा घोटभर. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून अण्णांनी डोळे मिटून घेतले, ते बराच वेळ उघडले नाहीत.

मी त्या दुपारी तिथे होतो. ताईंनी चहा समोर ठेवला आणि मुद्दाम पाठ करून उभ्या राहिल्या, कारण कुणी बघितलेलं अण्णांना आवडत नसे. हात निघाला, हुकला, परत आला, पुन्हा हुकला. चहा चादरीवर. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. ताई फडकं आणायला धावल्या. साडू नुकतेच कॉलेजातून आलेले, हेल्मेट हातात, दारातच उभे होते. आता हे व्याख्यान देणार, अशी मला धडकी भरली. पण ते अण्णांच्या हाताकडे बघत होते. ज्या वळवळत्या रेघा ते आयुष्यभर कागदावर काढत आले होते, त्यांतलीच एक त्यांनी सासऱ्याच्या हातात पाहिली होती. हेल्मेट खाली ठेवून ते पलंगापाशी जमिनीवर बसले.

“अण्णा, एक विचारू?”

साडूंनी ओली चादर बाजूला सारली.

“हात कपापाशी पोचला, हे तुम्हाला कधी कळतं?”

भिंतीकडूनच उत्तर आलं. “पुढं गेल्यावर.”

“तेच. बातमी उशिरा येते. मग तुम्ही घाबरून जोरात मागे ओढता. त्याचीही बातमी उशिरा येते. हात वाईट नाही झालेला अण्णा. नुसती बातमी उशिरा येतेय.”

“अहो, काय लावलंय आता?” ताई फडकं घेऊन आल्या होत्या. अण्णांनी मात्र मान वळवली.

“मग?”

“जोर कमी लावायचा. कप लांब आहे तोवरच हात सैल सोडायचा. आणि थांबायचं. बातमी येऊ द्यायची. मग थोडं पुढे.”

अण्णांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “एवढं शिकलात ते हे?”

“हो,” साडू म्हणाले. “एवढंच.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा उद्योग सुरू झाला. अर्थात साडू ते साडूच. त्यांनी अण्णांच्या हाताचे मोबाईलवर व्हिडिओ घेतले, आलेख काढले, भिंतीला चिकटवले. व्यायामासाठी दिवा स्टेशनजवळून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येत असे. तिने आलेख बघितले, कौतुक केलं आणि म्हणाली, “सर, हे सगळं मस्त आहे, पण आधी त्यांचं कोपर टेकवा ना.” कोपराखाली उशी आली. मनगटाला तिने वजनाचा पट्टा बांधला, त्याने हाताची थरथर आवरते म्हणाली. साडूंनी सगळी भांडी पालथी घालून एक जड पितळी पेला शोधला. आधी रिकामा पेला, मग मुगाचे दाणे, मग पाणी. दुपारी कॉलेजातून आले की ते अण्णांसमोर जमिनीवर बसत आणि दोघं त्या पेल्याशी झुंजत. “सैल… सैल सोडा… थांबा.” अण्णा वैतागत. “अहो जावईबापू, थांबू किती?” “अजून थोडं. आता आली बातमी?” “आली.” “मग चला.” मध्येच साडू आपल्या नव्या निबंधाबद्दल बोलत, आणि अण्णा, ज्यांना पळायची सोय नव्हती, ते सगळं ऐकून घेत. त्यांचं सिद्ध करणं शेवटपर्यंत ऐकणारा, मला वाटतं, हा पहिलाच श्रोता. एकदा तर अण्णांनी मध्येच अडवून विचारलं, “पण त्या दुसऱ्या मशिनचं काय झालं?” साडू इतके हरखले की पेला त्यांच्याच हातून सांडला.

आणि मग एका दुपारी अण्णांनी चहा प्यायला. स्वतःच्या हाताने, कोपर टेकवून, अर्धा पेला. थोडा शर्टावर सांडला, पण पेला ओठाला लागला आणि तिथे थांबला. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभ्या राहिल्या. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढे अण्णा हट्टाने मोहन्याला परत गेले, आपल्या ताटात आपल्या हाताने जेवत राहिले. इस्त्री मात्र करू शकत नव्हते. त्याची खंत बोलून दाखवत.

हिवाळ्यात दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंत नेण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे अण्णांच्या स्मरणाच्या विधीच्या दिवशी मोहन्याच्या घरी गर्दी होती. वंदना झाली, चार जण अण्णांबद्दल बोलले, जेवणं झाली. साडूंनी त्या दिवशी रांगेकडे बघितलंसुद्धा नाही. माणसं पांगल्यावर मी त्यांना शोधायला मागच्या दारी गेलो, तर ते पायरीवर बसले होते. समोर वाळत घातलेल्या पातेल्यांवर ऊन पडलं होतं. मीही बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “तुमच्यामुळे शेवटचे महिने मानाने जेवले ते.”

“हात सुधारत होता,” ते म्हणाले. “प्रत्येक वेळी थोडा कमी हुकत होता. आमच्या भाषेत त्याला स्थिर म्हणतात. आज ना उद्या बरोबर जागी येणार, याची खात्री.”

“मग झालंच की.”

“नाही रे. आम्ही ते सिद्ध करतो तेव्हा काळ अनंताकडे जातो असं धरतो. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो आणि पुढे जातो. वेळ हवा तेवढा आहे असं धरून चालतो आम्ही. इतकी वर्षं लिहितोय मी ते. कधी खटकलं नाही.”

एरवी मी काहीतरी चिमटा काढलाच असता. आतून ताई आणि माझी बायको अण्णांचे शर्ट घड्या घालून ठेवत होत्या, त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. साडूंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि डोळ्यांवर न चढवता तो तसाच हातात धरून ते बसून राहिले.